ठिपक्यांचे खेळ आणि फुरसतीचे अर्थशास्त्र

महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये एक धोरण संमत केले. अ‍ॅनिमेशन, चित्रपटातील दृश्यचमत्कार, संगणकीय खेळ, कॉमिक्स आणि त्यांच्या मागोमाग येणारे आभासी वास्तवाचे तंत्र या सर्वांचा त्यात समावेश आहे. २०५० सालापर्यंतचा ३,२६८ कोटी रुपयांचा आराखडा, पन्नास हजार कोटींची अपेक्षित गुंतवणूक आणि दोन लाख नोकऱ्या असे आकडे त्यावेळी जाहीर झाले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात वांद्रे-कुर्ला संकुलात याच विषयांची जागतिक परिषद भरली होती. भारतीय सर्जनशील तंत्रज्ञान संस्था मुंबईत सुरू झाली आणि तिच्या कायम वास्तूसाठी गोरेगावच्या दादासाहेब फाळके चित्रनगरीतील जागा ठरली. पुढे २०२६-२७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात या संस्थेच्या साहाय्याने देशातील १५ हजार माध्यमिक शाळांत आणि ५०० महाविद्यालयांत या कलांच्या प्रयोगशाळा काढण्याची घोषणा झाली. म्हणजे ज्या विषयाकडे आपला मध्यमवर्ग आजवर मुलांच्या अभ्यासातील विघ्न म्हणून पाहत आला, तो विषय आता वेळापत्रकात तासिका मागत शाळेच्या दाराशी येऊन उभा राहिला आहे. शिक्षकांनी, पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी त्याची विचारपूस करणे भाग आहे.

विचारपूस करायची तर पहिला प्रश्न असा की, कोणते खेळ? ‘संगणकावरचा खेळ’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दोनच गोष्टी येतात. एक, पैसे लावून खेळायचे पत्ते आणि क्रिकेटचे संघ. दुसरी, बंदुकांचा धडाका. या दोहोंपलीकडे खेळांचा एक तिसरा प्रकार जगात गेली वीस-बावीस वर्षे वाढतो आहे आणि आपल्या तरुणांपैकी काहींना त्याची ओढ लागलेली आहे. हे खेळ मोठ्या कंपन्या काढीत नाहीत. एखादा माणूस किंवा दोन-चार मित्र मिळून ते वर्षानुवर्षे घडवतात. त्यांची चित्रे मुद्दाम जाड्या-भरड्या चौकोनी ठिपक्यांची असतात. त्यांत जिंकायचे-हरायचे फारसे काही नसते. एका विचित्र, स्वप्नवत प्रदेशात आपल्याला सोडून दिलेले असते आणि त्यात भटकत राहणे एवढेच आपले काम असते.

या प्रकाराचे एक आद्य उदाहरण म्हणजे ‘युमे निक्की’, म्हणजे ‘स्वप्नांची रोजनिशी’, हा जपानी खेळ. तो २००४ साली प्रसिद्ध झाला. कर्त्याने ‘किकियामा’ हे टोपणनाव घेतले आणि पडद्याआडच राहणे पसंत केले. खेळाची नायिका एक लहान मुलगी आहे. ती आपल्या खोलीबाहेर पडायला तयार नाही. दार उघडू पाहिले तर ती नकारार्थी मान हलवते. ती फक्त झोपू शकते आणि झोपली की तिच्या स्वप्नांत आपल्याला फिरता येते. तिथे अनेक दारे आहेत आणि प्रत्येक दारामागे वेगळाच मुलूख आहे. कुठे बर्फ, कुठे अंधार, कुठे डोळेच डोळे असलेल्या आकृती. कोणी काही बोलत नाही, काय करावे ते सांगत नाही. हिंडताहिंडता चोवीस चमत्कारिक गुण तेवढे गोळा करता येतात. एवढ्या सामग्रीतून एकटेपणाचा जो प्रत्यय येतो तो भल्याभल्या कादंबऱ्यांना साधलेला नाही.

हा खेळ कर्त्याने फुकट वाटला. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे उदाहरण मोठे बोधप्रद वाटावे. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात फुकट वाटलेल्या वस्तूची किंमत शून्य धरली जाते. मात्र त्या खेळावर कोणी पैजेचा अड्डा चालवला असता, तर त्या अड्ड्याची कमाई उत्पन्न म्हणून मोजली गेली असती आणि तिच्यावर करही बसला असता. आपली मोजपट्टी कशाला संपत्ती म्हणते आणि काय तिच्या नजरेतून निसटते, हे यावरून कळावे. सरकारी धोरणे याच मोजपट्टीने आखली जातात. म्हणून सावध राहायला हवे.

आपल्याकडचे प्रयत्न

हा सारा परदेशांतील प्रकार आहे असे समजण्याचे कारण नाही. गोव्यात काम करणाऱ्या रिया गुप्ते आणि प्रतीक सक्सेना या दोघांनी ‘फिशबोल’ नावाचा खेळ घडवला आहे. त्याची चित्रे ठिपक्यांची आहेत. आलो नावाची एकवीस वर्षांची मुलगी नोकरीसाठी नव्या शहरात येते. तिची आजी नुकतीच वारलेली आहे. घरातूनच काम करायचे, आईशी आणि मैत्रिणींशी पडद्यावरून बोलायचे, आजीच्या सामानाची खोकी एकेक करून उघडायची आणि मध्येच एका खेळण्यातल्या माशाशी संवाद करायचा, असा तिचा एक महिना आपण तिच्याबरोबर काढतो. करोनाच्या काळात ज्यांनी चार भिंतींत दिवस मोजले आणि आप्तांना अखेरचा निरोपही धड देता आला नाही, त्यांना यात काय आहे हे सांगावे लागणार नाही. पडद्यावरील खेळण्यांच्या क्षेत्रातील बलाढ्य अशा सोनी कंपनीने भारतातील होतकरू खेळकारांसाठी जी योजना २०२३ साली काढली, तिच्यात या खेळाची निवड झाली. त्याच योजनेत मुंबईच्या एका छोट्या मंडळीचा ‘मुक्ती’ हा खेळही होता. एका वस्तुसंग्रहालयात भटकत भटकत माणसांच्या क्रयविक्रयाची भीषण कहाणी त्यात उलगडत जाते.

त्याआधी पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स’ या संस्थेने ‘राजी’ नावाचा खेळ २०२० साली आणला. तो ठिपक्यांचा नव्हे, परंतु लहान मंडळीने हिमतीवर केलेला खेळ म्हणून त्याची कहाणी ऐकण्यासारखी आहे. या मंडळींनी २०१७ साली जगभरच्या रसिकांकडे लोकवर्गणी मागितली आणि ती पुरेशी जमली नाही. तेव्हा संस्थापकांपैकी एकाने आपले घर विकून काम चालू ठेवले. खेळ पुरा झाला आणि त्या वर्षीच्या एका प्रतिष्ठित जागतिक पारितोषिकाच्या पदार्पण-विभागात त्याला नामांकन मिळाले.

घर विकण्याची ही गोष्ट वाचून मराठी माणसाला दुसरे एक नाव आठवल्यावाचून राहणार नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली विम्याची पॉलिसी गहाण टाकून विलायत गाठली आणि चित्रपटाचे यंत्र आणले. भांडवलदाराची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, त्याच्या वाढीची चित्रे टिपली आणि अंकुर वाढताना पडद्यावर दाखवला. आजच्या भाषेत तो एक ‘डेमो’च होता. पुढे ‘राजा हरिश्चंद्र’साठी सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले. ज्या चित्रनगरीत आता नव्या संस्थेची वास्तू उभी राहायची आहे तिला फाळक्यांचे नाव आहे. शंभर वर्षांनंतरही नव्या कलेच्या कर्त्याला दागिने आणि घरच पणाला लावावे लागत असेल, तर नाव दिल्याने आपण नेमके काय साधले, हा प्रश्न विचारणे गैर ठरू नये.

ठिपक्यांत काय आहे?

आता ठिपक्यांकडे वळू. आजचे यंत्र केसाचा केस दाखवू शकते. मग हे तरुण चाळीस वर्षांपूर्वीच्या ओबडधोबड चौकोनांकडे का परततात? केवळ गतकाळाची हौस, हे त्याचे उत्तर नव्हे.

नव्वदीच्या दशकात अंधेरी, घाटकोपर, मुलुंडच्या ज्या घरांत टीव्हीला जोडायचे खेळयंत्र आले, त्या घरांतील मुलांना ‘मारिओ’ आठवत असेल. त्या यंत्राला ‘टीव्ही गेम’ आणि त्यात खोचायच्या चौकोनी डबीला ‘कॅसेट’ म्हणत. १९८५ साली निघालेला तो पहिला मारिओ अवघ्या चाळीस किलोबाइटांत मावलेला होता. आज भ्रमणध्वनीवर येणारे एखादे शुभेच्छाचित्रही त्याहून जड असते. जागा इतकी तोकडी, की आकाशातील ढग आणि जमिनीवरील झुडूप यांसाठी एकच आकृती वापरलेली होती. वर पांढरी, खाली हिरवी. मुलांना त्याचा पत्ता लागला नाही. दारिद्र्यातून निघालेली ही युक्ती कल्पकतेचा नमुना ठरली. दुर्मीळ साधनांची अनेक उद्दिष्टांत वाटणी करण्याचे शास्त्र अशी अर्थशास्त्राची एक प्रसिद्ध व्याख्या आहे. तिच्यासाठी पाठ्यपुस्तकात याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

हे आपल्या घरांना अपरिचित नाही. मॅटीच्या चौकटीदार कापडावर फुलीच्या टाक्याने पोपट, मोर आणि राधाकृष्ण भरणाऱ्या स्त्रिया हेच करीत होत्या. प्रत्येक चौकटीत एक टाका, टाक्याला एक रंग आणि दुरून पाहिले की मोर. जो तपशील कापडात मावत नाही तो पाहणाऱ्याचे मन पुरवते. ठिपक्यांच्या खेळांतही हेच घडते. चार ठिपक्यांचा चेहरा कोणाचाही चेहरा होऊ शकतो. म्हणूनच आलोच्या आजीच्या जागी आपण आपली आजी सहज बसवतो.

यात खर्चाचा भागही आहेच. वास्तवाची हुबेहूब नक्कल करणाऱ्या खेळाला शेकडो माणसे आणि कोट्यवधी डॉलर लागतात. ठिपक्यांचे चित्र एकट्याला काढता येते. त्यामुळे भांडवल नसलेल्या माणसाला या कलेत शिरकाव मिळतो. साठीच्या दशकात मुंबईत लघुअनियतकालिके निघाली ती याच न्यायाने. छापखाना परवडत नव्हता म्हणून कित्येकांनी सायक्लोस्टाइलचा आश्रय घेतला आणि त्या पुसट शाईच्या पानांनी मराठी कवितेचे वळण बदलले. स्वस्त तंत्राने कला हलकी होत नाही. उलट ज्यांना प्रस्थापित व्यवहारात जागा नाही त्यांना ते तंत्र बोलते करते.

खरे भांडवल

परंतु स्वस्त म्हणजे फुकट नव्हे. या खेळांना पैसा थोडा लागत असला, तरी दुसरी एक वस्तू फार लागते. ती म्हणजे वेळ. अमेरिकेतील एरिक बॅरोन याने ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीवाडीचा ठिपक्यांचा खेळ एकट्याने साडेचार वर्षे खपून २०१६ साली पुरा केला. चित्रे त्याची, संगीत त्याचे, लेखन त्याचेच. त्या काळात तो नाट्यगृहात प्रेक्षकांना जागा दाखवण्याचे अर्धवेळ काम करीत होता आणि घर मुख्यतः सहचारिणीच्या मिळकतीवर चालले होते. पुढे खेळ जगभर खपला आणि तो धनिक झाला, हे कथेचे उत्तरार्ध सर्वजण सांगतात. पूर्वार्ध मात्र अर्थशास्त्राचा आहे. साडेचार वर्षांचे अनुदान एका स्त्रीच्या पगारातून आले होते. सरस्वतीबाईंच्या दागिन्यांपासून आजपर्यंत नव्या कलेला पहिले भांडवल घराने पुरवले आहे आणि त्याची नोंद कोणत्याही ताळेबंदात नाही.

याचा सामाजिक अर्थ कठोर आहे. ज्याच्या घरात असे भांडवल आहे त्यालाच वेळ मिळणार. बोरिवलीच्या एका खोलीत चार माणसांसह राहणाऱ्या आणि वडिलांच्या निवृत्तीकडे डोळे लावून बसलेल्या मुलात कल्पकता नसेल असे नाही. त्याच्यापाशी चार वर्षे नाहीत. तो एखाद्या परदेशी खेळाच्या झाडांची पाने रंगवण्याचे कंत्राटी काम पत्करील आणि सरकारी आकड्यांत ‘निर्माण झालेली एक नोकरी’ म्हणून गणला जाईल. दोन लाख नोकऱ्यांच्या घोषणेत अशा किती नोकऱ्या असतील, आणि स्वतःचे काही सांगणारे खेळकार किती असतील, हा भेद धोरणाने केला पाहिजे. कंत्राटी कामाला प्रस्तुत लेखकाचा विरोध नाही. त्यावर घरे चालतात. परंतु केवळ मजुरी करणारा देश दुसऱ्याच्या स्वप्नांना रंग देत बसतो, हेही विसरून चालणार नाही.

या संदर्भात मुंबईच्या वाङ्मयीन इतिहासाकडे जरा अर्थशास्त्राच्या नजरेने पाहावे. या शहराने मराठीला जे कवी-लेखक दिले त्यांतील पुष्कळसे कारकून, शिक्षक, आकाशवाणीतील नोकर होते. नारायण सुर्वे महापालिकेच्या शाळेत शिपाई होते आणि पुढे शिक्षक झाले. त्या नोकऱ्यांत पगार बेताचा होता. पण तो ठरलेल्या तारखेला येई, कामाचे तास ठरलेले असत आणि संध्याकाळ नोकरदाराची स्वतःची असे. निश्चित पगाराची नोकरी ही त्या काळातील न बोललेली साहित्यवृत्ती होती. आजच्या तरुणाला मिळते ते बहुधा कंत्राट. तास अनिश्चित, रात्री अकरालाही फोनवर हुकूम येतो, वर रोजचा प्रवास. लोकल गाड्यांतून रोज सत्तर लाखांहून अधिक फेऱ्या होतात, आणि कल्याण-विरारकडच्या नोकरदाराचे दिवसाचे तीन-चार तास त्यातच जातात. १९३० साली केन्स यांनी असे भाकीत केले होते की शंभर वर्षांत माणसाला आठवड्याला पंधरा तास काम पुरेल आणि उरलेल्या फुरसतीचे काय करावे हाच मोठा प्रश्न होईल. शंभर वर्षे आता भरत आली. सकाळी आठच्या विरार लोकलमध्ये हे भाकीत मोठ्याने वाचून दाखवण्याचे धाडस कोणी करू नये.

आणि तरीही याच प्रवाशांच्या हातात भ्रमणध्वनी आहे आणि त्यावर खेळ चालू आहे. फुरसतीची भूक मेलेली नाही. तिच्यापुढे काय वाढले जाते, हा प्रश्न आहे.

खेळ आणि जुगार

आजवर जे वाढले गेले त्याचा हिशेब संसदेत मांडला गेला आहे. पैसे लावून खेळायच्या खेळांत सुमारे ४५ कोटी लोक दरवर्षी जवळजवळ २० हजार कोटी रुपये गमावतात, असा सरकारचा अंदाज होता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा संमत केला. त्यात पैशांचे खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. स्पर्धात्मक ‘ई-स्पोर्ट्‌स’ आणि सामाजिक, शैक्षणिक स्वरूपाचे खेळ यांना मात्र उत्तेजन देण्याचे कायद्याचे धोरण आहे. बंदीने जुगार थांबतो की तो केवळ अंधारात जातो, हा वाद जुना आहे आणि तो येथे उकरून काढण्याचे कारण नाही. महत्त्वाचे हे की, खेळ आणि जुगार या दोन वस्तू आहेत हे कायद्याने प्रथमच नीट सांगितले. समाजाच्या मनात हा भेद रुजलेला नाही. त्यामुळे जुगाराची बदनामी ठिपक्यांचे मासे रंगवणाऱ्याच्या वाट्याला येते.

हा भेद आपल्या परंपरेला मात्र ठाऊक होता. सोंगट्यांचा द्यूत महाभारताचा सर्वनाश घडवतो आणि त्याच फाशांवर चालणारा मोक्षपट माणसाला सद्‌गुणाच्या शिडीने वर आणि दुर्गुणाच्या सापाने खाली नेऊन जन्ममरणाचा विचार करायला लावतो. मोक्षपटाचे कर्तृत्व परंपरा ज्ञानेश्वरांकडे देते. फासा तोच. एकात पण लावायचा, दुसऱ्यात मन लावायचे. हा मोक्षपट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विलायतेत गेला, त्यातले तत्त्वज्ञान गळाले आणि तो सापशिडी म्हणून दुकानात आला. खेळ हे विचाराचे वाहन होऊ शकते हे आपल्याला कोणी परदेशातून येऊन शिकवायला नको.

येथे पालक एक आक्षेप घेतील आणि तो रास्त आहे. मुले आधीच पडद्याला चिकटलेली आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या व्यसनाला रोगांच्या यादीत स्थान दिले आहे. अशा स्थितीत सरकारने आणखी खेळ काढायला पैसा का द्यावा? याचे उत्तर असे की, व्यसन लावणाऱ्या खेळांचे अर्थकारण वेगळे असते. ते फुकट मिळतात आणि खेळणाऱ्याचा वेळ व लक्ष हाच त्यांचा कच्चा माल असतो. म्हणून ते कधी संपत नाहीत. संपू नयेत अशाच बेताने ते रचलेले असतात. आपण बोलतो आहोत ते खेळ पुस्तकासारखे एकदा विकत घ्यायचे आणि बहुधा काही तासांत संपणारे. ‘फिशबोल’चा महिना संपतो आणि आलो आपल्या वाटेने जाते. संपणारी गोष्ट माणसाला परत आपल्या आयुष्याकडे पाठवते. वाईट वाचनावरचा उपाय वाचनबंदी नसून चांगले पुस्तक असतो, हे शिक्षकांना सांगण्याची गरज नाही.

दुसरा आक्षेप बाजारवाद्यांचा. खेळ चांगला असेल तर खपेल, सरकारने मध्ये का यावे? हा बाजार पाहिला तर उत्तर मिळते. संगणकावरील खेळांची सर्वांत मोठी पेठ ‘स्टीम’ ही आहे. तेथे शंभर डॉलर भरून कोणालाही आपला खेळ मांडता येतो आणि विक्रीतील तीस टक्के दलाली पेठेला जाते. एक कोटी डॉलरच्या वर विक्री गेली की दलाली पंचवीस टक्के आणि पाच कोटींच्या वर वीस टक्के होते. म्हणजे लहान विक्रेत्याने जास्त द्यायचे आणि मोठ्याने कमी. आयकराची उलटी पायरी म्हणावी तशी ही रचना आहे. शिवाय २०२४ या एका वर्षात तेथे अठरा हजारांहून अधिक खेळ दाखल झाले. या गर्दीत चांगला खेळ आपोआप दिसतो असे मानणे म्हणजे दादर स्थानकावर संध्याकाळी सहा वाजता चांगला माणूस आपोआप दिसतो असे मानण्यासारखे आहे.

काय करता येईल?

तर मग काय करावे? ३,२६८ कोटींच्या मानाने पुढील सूचना अगदी किरकोळ खर्चाच्या आहेत आणि बहुधा तीच त्यांची अडचण ठरेल. मोठ्या रकमेच्या कोनशिला बसवता येतात, लहान रकमेच्या बसवता येत नाहीत.

पहिली सूचना वेळेची. दरवर्षी थोड्या तरुणांना एका कारकुनी पगाराएवढी वृत्ती दोन वर्षे द्यावी. अट एवढीच की त्यांनी एक लहान खेळ पुरा करावा. निवड जाहीर पद्धतीने, खेळकार आणि लेखक यांच्या समितीने करावी. बहुतेक खेळ पडतील. पडू द्यावेत. फाळक्यांच्या काळात सावकाराने जी जोखीम घेतली ती सरकारने घ्यायला काय हरकत आहे?

दुसरी सूचना जागेची. १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात ‘आविष्कार’ने प्रायोगिक नाटकांची चळवळ चालवली. शाळेचे एक परवडणारे सभागृह तिला पुरे पडले. पटसंख्या घटल्यामुळे मुंबईतील मराठी शाळांचे किती वर्ग आज रिकामे आहेत हे शिक्षकांइतके कोणाला ठाऊक असणार? मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली येथे असा एकेक वर्ग संध्याकाळी उघडा ठेवला, वीज आणि चार संगणक दिले, तर पंचतारांकित संकुलाशिवायही काम सुरू होईल. ज्या घरात टेबलाला जागा नाही त्या घरातील मुलाला टेबल मिळेल.

तिसरी सूचना भाषेची. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्याचा आनंद झाला. आता कामाचे बोलू. ठिपक्यांच्या खेळात रोमन अक्षर आठ गुणिले आठ चौकटींत सुखाने बसते. देवनागरीला वर शिरोरेषा आणि वेलांट्या, खाली उकार आणि मध्ये ‘द्वंद्व’, ‘दृष्टी’, ‘कृष्ण’ यांसारखी जोडाक्षरे सांभाळायची असतात. त्या चौकटीत ती गुदमरते. परिणामी मराठी मुलगाही आपला खेळ इंग्रजीत लिहितो. हे अशक्य कोटीतील काम नव्हे. आपल्या स्थानकांवरील दर्शक दिव्यांच्या ठिपक्यांतून ‘बोरिवली’ आणि ‘घाटकोपर’ रोज लिहितात आणि लाखो लोक ते वाचून गाडी पकडतात. पवईच्या आयआयटीत र. कृ. जोशी यांनी अक्षरकलेचे अध्यापन केले आणि संगणकावरील ‘मंगल’ हा टंक घडवला. मुंबईच्याच ‘एक टाइप’ या मंडळींनी ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ हे देवनागरी टंक सर्वांना खुले करून दिले. तेव्हा लहान ठिपक्यांत सुवाच्य असे दोन-तीन देवनागरी टंक करवून घेऊन ते सर्वांना मुक्त ठेवणे राज्याला सहज शक्य आहे. एकाने वापरल्याने दुसऱ्यासाठी कमी होत नाही, अशा वस्तूला आम्ही सार्वजनिक वस्तू म्हणतो. तिच्यावर खर्च करणे हे सरकारचे काम आहे यावर डावे-उजवे सर्व अर्थशास्त्रज्ञ एकमत आहेत.

चौथी सूचना शाळांतील प्रयोगशाळांविषयी. त्या उघडतील तेव्हा यंत्रे येतील, निविदा निघतील, उद्‌घाटने होतील. परंतु तेथे मुलांना केवळ कळा दाबायला शिकवले, तर पंधरा हजार टंकलेखन-वर्ग उघडल्याचे पुण्य पदरी पडेल. आठवीच्या मुलीने आपल्या चाळीचा जिना, आपल्या आजोळची विहीर किंवा परीक्षेच्या आदल्या रात्रीचे भय घेऊन पाच मिनिटांचा एक खेळ पुरा करावा, हे उद्दिष्ट असावे. त्यासाठी मराठीचा शिक्षक, चित्रकलेचा शिक्षक आणि संगणकाचा शिक्षक या तिघांनी एका तासाला एकत्र बसावे लागेल. आपल्या शाळांत या तिघांची गाठ शिक्षकांच्या खोलीत चहापुरती पडते.

मोकळी जागा आणि मोकळा वेळ, दोन्हींना मराठीत ‘अवकाश’ हा एकच शब्द आहे. उपनगरांतून दोन्ही अवकाश एकाच वेगाने नाहीसे होत आहेत. मैदानांवर वाहने उभी असतात, जुन्या इमारती पाडून उंच मनोरे होत आहेत आणि मुलांना भटकायला, वाट चुकायला, काही शोधायला जागा उरलेली नाही. ज्यांना अंगण मिळाले नाही अशा पिढीने पडद्यावर चौकोनी ठिपक्यांचे अंगण रचले आणि त्यात ती हिंडू लागली, तर तिच्यावर रागावण्याचा अधिकार आपल्याला कितपत आहे? त्या अंगणाने खऱ्या मैदानाची भरपाई होत नाही, मैदानासाठी वेगळे भांडावेच लागेल. परंतु त्या अंगणाची रचना तरी आपल्या मुलांनी आपल्या भाषेत करावी, एवढी सोय करणे आपल्या हाती आहे.

२०५० साली या धोरणाचा हिशेब होईल तेव्हा किती कोटी आले आणि किती नोकऱ्या निघाल्या हे मोजले जाईलच. त्यांच्या शेजारी आणखी एक रकाना असावा. बोरिवली किंवा मुलुंडच्या एका खोलीत राहणाऱ्या, घरी विकायला काही नसलेल्या किती मुलामुलींनी या काळात स्वतःचा एक खेळ पुरा केला? तो रकाना रिकामा राहिला, तर बाकीचे आकडे कितीही मोठे असले तरी धोरण फसले असेच म्हणावे लागेल.